चिंबोऱ्या पाण्याबाहेर का आल्या?

भर दुपारी माडबंदरच्या खडकांवर शेकडो चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, चढून बसल्या होत्या. माणूस जवळ गेला तरी एकही पाण्यात उतरेना.

अकरा वर्षांच्या हेमांगीने मनगटावरच्या यंत्रातून शिंपल्याला विचारलं. शिंपला हा सागरी प्रयोगशाळेचा यंत्रमानव. तो खाडीच्या तोंडाशी तरंगत पाणी तपासायचा.

"प्राणवायू भरपूर आहे. धोका नाही," शिंपला म्हणाला.

तरी हेमांगी आजोबांकडे धावली. डॉ. जयवंत तांडेल हे त्या एका खोलीच्या प्रयोगशाळेतले शेवटचे शास्त्रज्ञ. चिंबोऱ्यांचं ऐकताच त्यांनी कपाटातल्या जुन्या वह्या बाहेर काढल्या.

"१९६३ साली इंदुमती सामंतांनी ही प्रयोगशाळा मिठाच्या कोठारात सुरू केली," पानं भराभर उलटत ते म्हणाले. "भिकाजी खलाशी रोज एकाच जागी होडी नेऊन दोरीने बाटली तळापर्यंत सोडायचा. तळाचं पाणी किती गार, त्यात प्राणवायू किती, वारा कुठून, हे बाई लिहायच्या. पुढे मीही लिहिलं. सहा वर्षांपूर्वी शिंपला आला आणि बाटली सोडणं मीच बंद केलं."

त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. ऑक्टोबर १९७९: 'तळ फार गार. चिंबोऱ्या खडकांवर. पुढच्या भरतीला मासे मेले.' १९९८ च्या वहीतही तेच होतं.

"मग शिंपला खोटं बोलतो?"

"नाही. तो वरच्या हातभर पाण्याचं खरं सांगतो. पण समुद्रात पाण्याचे थर असतात. गार पाणी जड, ते तळाशी राहतं. तिथे मेलेले जीव कुजताना प्राणवायू संपतो. उत्तरेचा वारा सुटला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्या जागी तळाचं पाणी वर येतं. याला अपवेलिंग (खालच्या पाण्याचं वर येणं) म्हणतात. चिंबोऱ्यांचा तिथे श्वास कोंडला."

भरतीला एक तास होता, आणि भरतीबरोबर ते पाणी खाडीत शिरणार होतं. खाडीत सुलभामावशीच्या बचतगटाचे जिताडा माशांचे अकरा पिंजरे पाच मीटर खोल टांगलेले होते. दोघांनी तिच्या होडीत चढून पिंजरे वर घ्यायला सांगितलं.

"पिंजरे ओढले की मासे बिथरतात, खरचटून मरतात," होडीत उभी सुलभामावशी म्हणाली. "शिंपला तर ठीक सांगतोय. तुमचं चुकलं तर, काका?"

खात्री आजोबांनाही नव्हती.

होडी खाडीच्या तोंडाशी नेऊन हेमांगीने जुनी बाटली दोरीला बांधून तळापर्यंत सोडली. मग ती भराभर वर ओढली. बाटलीतल्या पाण्यात मापक बुडवला: प्राणवायू जवळजवळ शून्य. मावशीने त्या पाण्यात बोटं घातली आणि झटकन मागे घेतली.

"इतकं गार?" ती पुटपुटली. मग गटातल्या बायकांकडे वळली. "ओढा. सगळे वर घ्या."

नऊ पिंजरे पाण्याच्या वरच्या थरात आले. हवेचे पंप सुरू झाले. दहाव्याची दोरी अडकली, अकराव्यापर्यंत पोचेतो भरती आत शिरली होती. संध्याकाळी त्या दोन पिंजऱ्यांतले मासे पोट वर करून तरंगू लागले. बाकीचे जगले.

आठवड्याभरात बायकांनी प्रत्येक पिंजऱ्याखाली तळापर्यंत मापक सोडले. हेमांगी मात्र वह्यांसमोर बसली होती.

"आजोबा, वारा आधी बदलतो, पाणी नंतर. मग वाऱ्यावरून चार दिवस आधी कळेल का?"

"माडबंदरपुरतं ते अजून कुणी शोधलेलं नाही," ते म्हणाले आणि आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली. "पहिल्या वर्षाच्या वहीपासून सुरू करू."