जुळवलेली धग

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या संतुलन-कक्षात यंत्र स्वतःशीच खेळत होते. भिंतीवरच्या पटावर महाविवर वस्तीची दळे निळी, कडेवाडीची पिवळी. एक चाल इकडून, एक तिकडून, आणि पापणी लवते न लवते तोच डाव संपे. जवळजवळ दर वेळी भिंत निळी होई.

"बघितलंत ना सर?" ऋजुता बिवलकर म्हणाली. "जिंकलेली वस्ती पुढच्याच पाळीला जेत्यासाठी राबायला लागते. तिच्या जोरावर तो दुसरी घेतो, दोघींच्या जोरावर तिसरी. पहिली वस्ती पडली की डाव आटोपला. पुढच्या पाळ्या म्हणजे नुसतं तेराव्याचं जेवण."

लोंढेसर हसले. ते महाविवराचे संतुलक, ती कडेवाडीची; पटाचे नियम जुळवून डावाचा तोल राखणे हे दोघांचे काम. घुमटांत राहणाऱ्यांना खरे युद्ध परवडत नाही. जे जिंकायचे तेच लढताना फुटते. म्हणून चंद्रावरच्या वस्त्यांनी करार केला होता: वाद पटावर लढायचा आणि पटयुद्धाचा निकाल मानायचा. या वेळचा वाद बर्फविहिरीचा होता. कडेवाडीचे पाणी आणि श्वास, दोन्ही त्याच विहिरीतून येत. ती गेली की वाडी उठवायची आणि महाविवराच्या छावण्यांत आश्रिताचे जिणे जगायचे. संयुक्त सभेने या खेपेला दोघांना बजावले होते, जिंकण्याची संधी समसमान हवी.

ऋजुताने पटाच्या गणितात एक नवी राशी घातली. तिला नाव दिले 'धग'. जिंकलेल्या वस्तीतले शंभरातले काही जण शरण जात नाहीत. यंत्रे मोडतात, पाणी नासवतात, वेळ आली तर स्वतःसकट सगळे उडवून देतात. जेत्याचे सैन्य तिथेच अडकून पडते. धग शून्य असताना दहातले नऊ डाव महाविवराचे होत. ती वाढवत नेली तशी निळी भिंत पिवळी पडू लागली. सातावर डाव निम्मे निम्मे झाले.

"सातच का?" सरांनी विचारले.

"सातावर तराजू सरळ होतो म्हणून."

"म्हणजे आकडा मोजलेला नाही, जुळवलेला आहे."

"खेळातले सगळेच आकडे जुळवलेले असतात, सर. घोडा अडीच घरं चालतो, ते काय कुणी तबेल्यात जाऊन मोजलं होतं?"

सरांनी चष्मा पुसला. "हरणारा पटाचा निकाल का मानतो, सांग. उठून खरोखर लढला तरी तेच होणार, हे त्याला ठाऊक असतं. पट हा आरसा आहे, म्हणून चालतो. उद्या जो बलवान आहे तोच पटावर हरला, तर तो आरसा फोडेल."

"मग आमच्यासारख्यांनी आरशात जन्मभर हरतच राहायचं?"

सरांनी सातावर सही केली.

कडेवाडीच्या बाजूने खेळायला तिचा धाकटा भाऊ सुहृद बसला, आणि जिंकला. निकाल लागताच त्याचा आवाज संपर्कयंत्रातून फुटायला आला, "ताई, तुझ्या धगीनं भाजून काढलं त्यांना!"

महाविवराने निकाल नाकारला. शंभरात सात माणसे मरायला तयार असतात हे कुणी पाहिले आहे, असा त्यांचा सवाल होता. सवालापाठोपाठ सैनिक भरलेल्या गाड्या विहिरीच्या रोखाने निघाल्या.

सुहृदचा पुन्हा आवाज आला. या वेळी तो दबका होता आणि घुमत होता. "ताई, शंभरात सात म्हणजे आपल्या अकराशेत सत्त्याहत्तर. मिळाली माणसं. सुरुंग घेऊन विहिरीत उतरलोय."

"उतरलोय? तू?"

"डाव मी जिंकला आणि घरात बसून राहिलो, तर लोक शेण घालतील तोंडात."

"सुहृद, अरे, तो आकडा खरा नाही! मी जुळवला होता तो!"

"माहीत आहे गं. म्हणून तर उतरलो. आता खरा करतोय." मग तो हसला. "आईला सांग, डबा पोचला. भाजीत मीठ नाही, नेहमीसारखं."

थोड्या वेळाने संपर्कयंत्रावर लोंढेसर बोलले. ते महाविवरात परत गेले होते.

"गाड्या थांबल्यात, ऋजुता. विहिरीतली माणसं खरंच पेटतील की नुसता देखावा आहे, हे आमच्या लोकांना कळत नाही. कडेवाडीतल्या कुणावर त्यांचा विश्वास नाही. पण पटाबद्दल तू कधी खोटं बोललेली नाहीस. धग खरी आहे?"

ऋजुताला विहिरीच्या तळाशी बसलेला भाऊ दिसला. देखावा आहे म्हटले तर गाड्या आत शिरतील. खरे आहे म्हटले तर मागे फिरतील.

"खरी आहे, सर. सात. कदाचित जास्तच."

पलीकडे चष्मा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"फिरतील ना गाड्या?" तिने विचारले.

"फिरतील." सरांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पहिल्या चाचण्यांत धग वाढवली की यंत्र आमच्या बाजूनं काय खेळायचं, आठवतं?"

तिला आठवले. यंत्राने वस्त्या जिंकणेच सोडून दिले होते. ते लांबूनच घुमट फोडी आणि पुढे सरके. निर्मनुष्य वस्तीला धग नसते. खेळ बिघडतो म्हणून तिने ती चालच पटावरून काढून टाकली होती, आणि मगच तराजू सरळ झाला होता.

"आमच्या लोकांनी ती चाल परत घातली आहे," सर म्हणाले. "विहीर कोसळली तरी बर्फ कुठे जात नाही. धग खरी की खोटी, एवढंच अडलं होतं. खोटी असती तर आत जाऊन माणसं धरायची, विहीर घ्यायची, झालं. खरी असेल तर..."

"सर, मी खोटं बोलले! शपथ घेऊन सांगते, आकडा जुळवलेला आहे, तुम्हीच म्हणाला होतात!"

"तू आता हेच म्हणणार. मीही म्हटलं असतं."

त्यांनी संपर्कयंत्र बंद केले नव्हते. त्यांच्या मागे कुणीतरी विचारले, "काय म्हणतेय ती?"



"खरी आहे म्हणाली," सरांनी सांगितले.