मैथिलीच्या अंगणातली सावली

“नेमाची वाच्यता करायची नाही हं, चारू. बोललीस की नेम मोडतो. फाटकापाशी एकटीच ये.”

सकाळी आलेल्या निरोपातला मैथिलीचा हा आवाज अजून चारूच्या कानात घुमत होता. गोड, किंचित हसरा, अगदी आपल्याच वयाच्या मुलीचा. तो आठवत चारू अंगणात बसली होती आणि तिच्या चिमटीतून रांगोळीची रेघ झरझर उतरत होती.

चारू तेरा वर्षांची. चैत्रगौर बसल्या दिवसापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज दारापुढे चैत्रांगण काढायचं, असा तिनं नेम धरला होता. मधोमध पाळण्यातली गौर, भोवती सूर्य, चंद्र, कासव, गोपद्मं. काढून झालं की मनगटावरच्या पट्टीनं फोटो घ्यायचा आणि ‘अंगणमंडळा’त टाकायचा. या मंडळात गावोगावच्या मुली आपापल्या रांगोळ्या दाखवत. मैथिली तिथेच भेटली. ती म्हणे नागपूरची, चौदा वर्षांची. दोघींनी मिळूनच नेम धरला होता.

उद्या अक्षय्य तृतीया, नेमाचा शेवटचा दिवस. आणि उद्या दुपारी एक वाजता मैथिली खुद्द भेटायला येणार होती! “नदीकाठचं निळं फाटक ना तुझं? मी ओळखलं की नाही?” असंही तिनं कळवलं होतं.

चारूला उड्या माराव्याशा वाटत होत्या. पण एक गोष्ट काही केल्या उलगडत नव्हती. मंडळात नाव घातलं त्या दिवशी आईनं बजावलं होतं, आडनाव, शाळा, गाव यातलं काहीही सांगायचं नाही. चारूनं ते कसोशीनं पाळलं होतं. मग मैथिलीला घर सापडलं कसं? जादू की अंतर्ज्ञान?

तिनं हात झटकले आणि जिना चढून गच्चीवर धाव घेतली.

गच्चीवर सुनंदा आत्या सौरकौलं पुसत होती. ती वेधशाळेत काम करायची आणि सुट्टीला कऱ्हाडला यायची. तिच्या शेजारी, घुबडासारखे गोल डोळे मिचकावत, पिंगळा बसला होता. हा तिनं स्वतः घडवलेला यंत्रमानव. बुद्धी अफाट, जीभ त्याहून लांब.

“आत्या, एक कोडं घालू?”

“घाल की. पण बक्षीस काय?”

“उद्याच्या हळदीकुंकवातली कैरीची डाळ. दोन वाट्या!”

“मला डाळ चालत नाही,” पिंगळा म्हणाला. “मला पाव तास ऊन द्या.”

“तुला तीन वाट्या ऊन. आता ऐका. एका मुलीनं आपलं गाव कुणालाच सांगितलं नाही. फक्त अंगणातल्या रांगोळ्यांचे फोटो टाकले. तरी कुणी तिचं घर शोधू शकेल?”

आत्याचे डोळे चमकले. “वा! नमुना आहे?”

“माझेच फोटो घ्या. पण पिंगळ्या, आमचं घर तुला ठाऊक आहे, ते आधी विसर.”

“विसरलो,” पिंगळा म्हणाला आणि आत काहीतरी टक् वाजलं. मग तो फोटो न्याहाळू लागला. “अरेरे, या कासवाची शेपटी फारच लांब झालीये. मगर वाटते.”

“गप रे!”

“आणि हा आठ मेचा फोटो. रांगोळीच्या मधोमध पितळी कलश. दुपारी बरोबर साडेबारा. खाली लिहिलंय, ‘आज आमच्याकडे सावली गायब!’ सुनंदाताई, हा तर हिरा सापडला!”

“हिरा कसला त्यात?” चारूनं विचारलं.

आत्यानं टोपलीतली एक गोल कैरी उचलली आणि तिच्यात उदबत्तीच्या दोन काड्या खोचल्या, एक वरच्या बाजूला, एक जरा खाली. मग कैरी उन्हात धरून हळूहळू कलती केली. “बघ. खालच्या काडीची सावली दिसते?”

“नाही. तिच्याच बुडाशी गेली. पण वरचीची दिसतेय की!”

“कैरी म्हणजे पृथ्वी, काड्या म्हणजे दोन गावं. या दिवसांत सूर्य रोज थोडाथोडा उत्तरेकडे सरकताना दिसतो. ज्या दुपारी तो एखाद्या गावाच्या बरोबर डोक्यावर येतो, त्या दुपारी तिथल्या उभ्या वस्तूची सावली क्षणभर तिच्या पायाखाली जाते. हाच शून्य सावली दिवस. कोल्हापूरला तो सहा मेच्या सुमारास येतो, पुण्याला तेराच्या, मुंबईला पंधराच्या.”

“म्हणजे तारीख कळली की...” चारू जागीच नाचू लागली, “की गाव किती उत्तरेला आहे ते कळतं!”

“शाब्बास! त्याला म्हणतात अक्षांश (विषुववृत्तापासून एखादं ठिकाण किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते सांगणारं माप). आता वेळ घे. घड्याळ साऱ्या देशाचं एक, पण डोक्यावरचा सूर्य ज्याच्या त्याच्या गावाचा. पूर्वेकडच्या गावी तो आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडे नंतर. दर अंशामागे चार मिनिटांचा फरक. त्यावरून मिळतो रेखांश (एखादं ठिकाण किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे ते सांगणारं माप).”

“एक आडवी रेघ, एक उभी रेघ,” पिंगळा पुटपुटला. “छेदतात तिथे तीसेक किलोमीटरचा चौकोन मिळाला. आता बाकीचे फोटो. अकराव्यात फाटकाची निळी कड. सतराव्यात मागे दोन नद्या मिळताना दिसतात. विसाव्यात पुलाची कमान, डावीकडून तिसरी. नकाशावर ठेवून बघतो... झालं! सहा मिनिटं, अकरा सेकंद. कऱ्हाड, संगमाच्या वरच्या अंगाला, निळं फाटक. अरेच्चा! मी इथेच तर बसलोय की!”

आत्या खो खो हसली. चारूही हसली, पण तिचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

“पण मी पत्ता दिलाच नव्हता,” ती हळूच म्हणाली.

“नव्हताच दिला. ठिपक्यांची रांगोळी आठव, बाळ. एकेका ठिपक्यात काय असतं? काही नाही. पण कुणी चिकाटीनं ते जोडत बसलं की मोर उमटतो. तू महिनाभर रोज एक ठिपका टाकत होतीस. जादू कसली यात? हे कुणालाही जमतं.”

कुणालाही. तो शब्द चारूच्या मनात रुतला. आणि एकदम तिला काहीतरी आठवलं. तिनं मनगटपट्टीवर आठ मेचे निरोप भराभर मागे सरकवले. तिच्या कलशाच्या फोटोखाली मैथिलीनं लगेच लिहिलं होतं: ‘अगं, आमच्याकडेही आत्ताच सावली गायब! आपण किती सारख्या!’

“आत्या, नागपूरला शून्य सावली कधी असते?”

“सव्वीस मेच्या आसपास. अजून दोन आठवडे आहेत. का गं?”

“आठ मेला असूच शकत नाही?”

“शक्यच नाही. त्या दिवशी तिथे हातभर काठीची दोन बोटं तरी सावली पडते, भर दुपारीसुद्धा.”

चारूच्या अंगावर काटा आला. कोडं सुटलं होतं, आणि ते आपलं आपण सोडवल्याचा आनंदही क्षणभर लखलखून गेला. पण लगेच त्याच्यामागून भीती आली. मैथिली नागपूरची नाही. मग ती कोण?

“काय झालं?” आत्यानं कैरी खाली ठेवली.

“सांगितलं तर नेम मोडेल,” चारू पुटपुटली. “वाच्यता करायची नाही म्हणाली ती.”

आत्या तिच्याजवळ येऊन जमिनीवरच बसली. “कोण म्हणाली ते नंतर सांग. आधी एवढं ऐक. नेम आपण देवापाशी धरतो. आपल्या पुण्याचा डांगोरा पिटू नये, एवढाच वाच्यता न करण्याचा अर्थ. ‘घरच्यांना सांगू नकोस’ असं कुठल्याही व्रतात नसतं गं. देव असं कधी म्हणत नाही.”

मग मात्र चारूनं सगळं सांगितलं. निळं फाटक, उद्याचा एक वाजताचा बेत, सगळं. शेवटी म्हणाली, “पण आवाज तर मुलीचाच होता, आत्या. खरंच!”

“आत्या, एक कोडं घालू?” मागून चारूचाच आवाज आला.

चारू दचकून वळली. बोलला होता पिंगळा, हुबेहूब तिच्या आवाजात.

“माफ कर,” तो आपल्या आवाजात म्हणाला. “हा कृत्रिम आवाज (खऱ्या आवाजाचा नमुना घेऊन यंत्रानं बनवलेली नक्कल). मला तुझं एक वाक्य पुरलं. घाबरवायचं नव्हतं, पण दाखवायला हवं होतं.”

“ती मुलगी आहे की मोठं माणूस, हे आपल्याला ठाऊक नाही,” आत्या शांतपणे म्हणाली. “ती खोटं बोलली आणि गुपित ठेवायला लावलं, एवढं ठाऊक आहे. तेवढं पुरे. तिला उत्तर द्यायचं नाही. निरोप मात्र एकही पुसायचा नाही, तो पुरावा आहे.”

“माझंच चुकलं ना?”

“तू रांगोळी काढलीस, मैत्री केलीस. यात चूक कसली? फसवणाऱ्याची चूक आपल्या ओटीत घ्यायची नाही.”

आत्यानं लगेच सायबर पोलिसांच्या कक्षात फोन लावला. पलीकडच्या अधिकारी बाईंनी सारं नीट ऐकून घेतलं. उद्या फाटकावर त्यांची माणसं असतील, चारू घरातच राहील, असं ठरलं. “सावलीवरून पकडलंस?” त्या चारूला म्हणाल्या. “मोठी झालीस की ये आमच्याकडे कामाला!”

चारूच्या गालांवर पुन्हा रंग चढला. “पिंगळ्या, तू सहा मिनिटांत घर शोधलंस ना? मग फोटो मंडळात जायच्या आधीच तू तो तपासू शकशील? ‘इथे फाटक दिसतंय, इथे सावली बोलतेय, एवढं झाक’ असं सांगणारा पहारेकरी! मंडळातल्या सगळ्या मुलींसाठी!”

“हो, शकेन!” पिंगळ्याचे डोळे गरगर फिरले. “आणि कासवाच्या शेपट्याही तपासेन.”

“सुट्टी संपायच्या आत करू या,” आत्या हसत म्हणाली. मग म्हणाली, “चारू, तुझ्या आईला मी फोन करू?”

चारूनं खाली पाहिलं. आई पुलापलीकडच्या बीजपेढीत होती, देशोदेशींचं बियाणं जपून ठेवतात तिथे. महिनाभर तिच्यापासून आपण मैथिलीची गोष्ट लपवली. आधी ती रागावेल, मग जवळ घेईल. कदाचित उलटंही होईल.

“नको,” ती म्हणाली. “मीच सांगते. ती जेवायला बसायच्या आत. वचन देते.”

“बरं. पिंगळ्याला सोबत ने.”

चारूनं बोटांना लागलेली रांगोळी धुतली, चपला घातल्या आणि निघाली. पिंगळा शेजारून चालत होता. पुलावर वारा सुटला होता. आईला सांगायचं पहिलं वाक्य तिनं मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि पावलांचा वेग वाढवला.