चौथी लाइन

दार ओढून घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी हा किस्सा कुणाला फारसा सांगत नाही.

वेन्डेल क्राउस. आपल्या आयोवातल्याच रेडिओ स्टेशनवर पहाटे मक्याचे भाव वाचायचा. त्यानं काय पोट भरणार? मग देव, झेंडा, घरदार यांच्या नावानं गरजायला लागला आणि शाळेच्या ग्रंथपाल बाईंना धारेवर धरलं, आर्लीन हिबर्ट. पोरांना घाण पुस्तकं वाचायला देतात म्हणून रोज रात्री त्यांची सालटी काढायचा. लोक चवीनं ऐकायचे. बाई उत्तर द्यायला फोन करायच्या, नेहमी चौथ्या लाइनवर. पण स्टुडिओतलं बोलणं लोकांपर्यंत सात सेकंदांनी पोचतं. तेवढ्यात एक बटण दाबलं की कापलेलं ना रेडिओवर जातं, ना टेपवर उरतं. बाईंनी तोंड उघडलं की हा मेला बटण दाबायचा आणि म्हणायचा, "बघा, पळाली!"

बाईंची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात बाईही गेल्या. हा मात्र वर चढत गेला. गेल्या साली शिकागोच्या कंपनीनं बोलावलं, दोनशे स्टेशनांवर कार्यक्रम. त्यांना त्या जुन्या दिवसांतली एक टेप ऐकायची होती, पंधरा नोव्हेंबरला सकाळी नऊला.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, रात्री पावणेअकरा. आपलं जुनं स्टेशन बंद पडून दोन वर्षं झालेली. टेप शोधायला क्राउस तिथे गेला. तिथली यंत्रं मी सांभाळायचो, किल्ली मीच दिली होती. पुढचं त्यानं मला शिकागोला जाताना गाडीत सांगितलं.

टेप सापडली. खिशात घातली. वळला, तर फोनची चौथी लाइन लुकलुकत होती. फोनच्या तारा तर केव्हाच काढलेल्या. तरी सवयीनं हात गेला.

"बोला, कोण?"

"मिस्टर क्राउस, माझं एवढं..."

त्यानं बटण दाबलं.

"...ऐकून घ्या."

पुन्हा दाबलं. पुन्हा.

दिवा विझेना.

पलीकडे कुणी बोलेना... फोनही ठेवेना.

तो पळाला.

शिकागोत टेप मीच लावली. सुरुवातीचं संगीत वाजलं. मग शांतता. मग बाई, सावकाश.

"ते पुस्तक तुमच्याच मुलीनं नेलं होतं, मिस्टर क्राउस. तिला घरी कुणाशी बोलता येत नव्हतं. हे चारचौघांत नको. एकदा भेटा."

साहेब मंडळी क्राउसकडे बघत राहिली. करार तिथेच बारगळला.

कापलेलं टेपवर उरत नाही, पोरांनो. त्या बटणाची तार मीच जोडली होती, मला विचारा.

टेप त्या कपाटात आहे. दोन तासांची. बाईंचं सगळं बोलणं आहे तिच्यावर. क्राउसचा एक शब्द नाही.