डावीकडचं घर

दिवे गेले तसं काशिरामकाकांनी ओटीवरच्या पोरांना जवळ बोलावलं. ही ऐकीव गोष्ट नाही, म्हणाले. माझ्या भाच्यावर, सत्यजीतवर गुदरलेली आहे.

सत्यजीत पनवेलच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होता. चौऱ्याण्णव सालची कार्तिक अमावस्या, शुक्रवार. दिवेलागणीला तो करंजाड्याला दिनानाथ म्हाताऱ्याला तपासायला गेला. म्हाताऱ्याला मेंदूचा झटका आला होता. डोळे शाबूत, पण जगाची डावी बाजू पुसली गेलेली. ताटातला उजवीकडचा भात संपवून, वाढलं नाही म्हणून तो सुनेवर ओरडायचा.

त्या सुनेने, चंद्रावतीने, दारातच दबक्या आवाजात सांगितलं. घराची डावी बाजू तिच्या विधवा चुलतसासूची, ठमाबाईची. सासऱ्याने तिला लेकीसकट हुसकावलं. इथं तुझं काही नाही, म्हणाला. महिन्याभराने ठमाबाई मिठागराच्या पाण्यात सापडली. लेक भामा आता लोकांकडे राहते.

सत्यजीतने कागद पुढे केला, स्वतःचं घर काढायला सांगितलं. दिनानाथने उजवी भिंत, उजवी खिडकी, अर्धं छप्पर काढलं आणि पेन्सिल ठेवली.

"झाला. पुरा हाय."

"डावीकडे काही राहिलं का, बाबा?"

"तिथं काय बी नाय."

मग सत्यजीतने कंदील जवळ ओढला, समोर बसून दोन्ही हात फाकवले. म्हाताऱ्याच्या उजवीकडे बोट हलवलं. दिसलं. डावीकडे हलवलं. नाही दिसलं. पुन्हा हलवलं. नाही. त्याने हात खाली घेतला...

दिनानाथची मान सावकाश डावीकडे वळली. आजारपणात पहिल्यांदाच.

"बाय उभी हाय."

सत्यजीतने पाहिलं. बंद दार. कडी लावलेली. कोणी नाही.

"कोण, बाबा?"

"ओली हाय... निम्मा घर मागते."

चंद्रावतीने हात जोडले. भामाला देऊन टाका, म्हणाली.

दिनानाथने मान झटकली. कंदिलाची ज्योत फडफडली.

"नाय देत."

कडी हलली... थांबली.

सत्यजीतने कागद बॅगेत कोंबला आणि मागे न बघता पनवेल गाठलं.

पहाटे निरोप आला. दिनानाथ गेला. खाटेच्या उजव्या कडेला, भिंतीला चिकटलेला, अंग चोरून. शेजारी कोणी झोपलं असावं तसा.

उजाडल्यावर सत्यजीतने कागद खिडकीशी धरला. डावीकडे पेन्सिलीची एकही रेघ नव्हती. तरी घर पुरं झालं होतं. पांढऱ्या, खरखरीत रेघा. भिंत. खिडकी. उघडं दार.

त्याने बोट फिरवलं. जिभेला लावलं.

खारट...