रोझाच्या घरातलं माणूस

"रोझाबाय, तुमका आत सोडूक जमाचा नाय... तुमच्या घरातला माणूस आताच आत गेला!"

दुकानाच्या दारावर उभ्या असलेल्या गंगारामने ताप मोजायचं ते पांढरं पिस्तूल रोझाच्या कपाळासमोरून खाली घेतलं आणि 'आज कांदे संपले' म्हणावं इतक्या सहज हे सांगून टाकलं. रोझा मात्र पायरीवरच थिजली! तिच्या घरातलं माणूस? कुठलं माणूस? नवरा रॉक देवाघरी जाऊन किती वर्षं झाली, तो घरात होता तो फक्त भिंतीवरच्या फोटोत. एक मांजर होतं, पण ते काही पिशवी घेऊन बाजाराला येणारं नव्हतं. दर आठवड्याला हाच गंगाराम दारात विचारायचा, "घरात माणसां किती?" आणि दर आठवड्याला ती म्हणायची, "एक."

"गंगाराम, तुझा डोक्या फिरला काय रे? माझ्या घरात कोण आसा?"

"आता मी खोटा कित्याक सांगू? एक बायलमाणूस इला. मी इचारलंय, खंयच्या घरातली? तर म्हणता, 'रोझाच्या.' मी म्हटलंय, जा बाये आत. तुमच्या नावाक मी अडवतलंय काय?"

त्या टाळेबंदीच्या दिवसांत भाईंच्या सुपरमार्केटात शिरायचं म्हणजे चर्चमध्ये शिरण्याहून कठीण झालं होतं. अख्ख्या मालवणच्या बाजारात उघडं असलेलं ते एकच मोठं दुकान. बाहेर रस्त्यावर चुन्याची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात एक माणूस, एका घरातला एकच आत, आणि बाहेरगावचा दिसला की सगळ्या वर्तुळांचे डोळे त्याच्यावर! माणसाला माणसाची एवढी भीती वाटेल असं कधी कोणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का? सख्खा भाऊ मुंबईहून आला तर त्याला दारातून परत पाठवणारी माणसं त्या दिवसांत रोझाने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

आणि कोणी एक बाई रोझाच्या नावावर आत गेली होती!

रोझाचा संताप अनावर झाला. आयुष्यभर तिने मिळवलं काय, तर हे एक नाव. रॉकच्या पाठीमागे शिवणयंत्र चालवून, डोळे फोडून, पोटाला चिमटा काढून तिने मुलाला, टोनीला वाढवलं. आजूबाजूच्या गावांतल्या किती नवरींचे पांढरेशुभ्र झगे तिच्या हातचे! 'रोझाबायनं शिवलेला' म्हटलं की कोणी दुसरं काही विचारत नसे. स्वतःच्या सुनेसाठी तिने उंची पांढरं साटीन घेऊन ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलं होतं... आणि मग तो दिवस आला. एका गिऱ्हाइकाचं माप घेत असताना ती बाई हसत हसत म्हणाली, "काय गो रोझा, टोनीचा लगीन झाला नि आमका केकचो तुकडोसुद्धा नाय? रेडीगावची आसा म्हणे तुझी सून!" रोझाच्या हातातली टेप गळून पडली. एकुलता एक मुलगा... आणि त्याच्या लग्नाची बातमी आईला परक्या तोंडून कळावी! हे परमेश्वरा, ते शल्य काळजात रुतलं ते रुतलंच. चार दिवसांनी टोनी दारात आला तेव्हा तिने आतून कडी घातली. "तुझा तोंड माका दाखव नको! माका झिल नाय!" तो कितीतरी वेळ दार ठोठावत राहिला, "माय, एकदा ऐक... माय!" आणि ती तोंडात पदर कोंबून दाराला पाठ लावून बसली होती. त्यानंतर तो आला नाही. सहा वर्षं झाली. सून कशी दिसते, काळी की गोरी, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

या टाळेबंदीत तिला आधार होता तो एकाच गोष्टीचा. दर शनिवारी सकाळी कुंपणाच्या फाटकाला एक पिशवी लटकलेली असायची. तांदूळ, साखर, चहा, आणि माडाच्या माडीचा आंबट शिरका. चर्चमधली पोरं वाटत असणार, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि रोज रात्री प्रार्थनेत त्यांना आशीर्वाद देत होती. एकच गोष्ट तिला नवलाची वाटायची... रोझाचं जेवण शिरक्यावाचून होत नाही हे त्या पोरांना कोणी सांगितलं असेल? या शनिवारी मात्र फाटक रिकामं राहिलं. एरवी ती आठवड्याच्या बाजाराला कांदे-तेलापुरतीच यायची; सोमवारपर्यंत वाट पाहून आज पिशवीतलं सामानही घ्यायला ती स्वतः बाहेर पडली होती.

"थांब तू," ती गंगारामला म्हणाली, "कोण ती, माका बघूकच होया."

बघायला फार थांबावं लागलं नाही. आतून भाईंचा आवाज चढला. काउंटरमागे बसलेले दुकानाचे मालक भाई तसे तोंडाचे फटकळ, पण नियमाला पक्के. "अगो बाये, एका घराक एक साखर, एक चहा, एक तेल! तू सगळा दोन-दोन भरलंस! दोन घरांचो बाजार एका नावावर?"

काचेच्या दारातून रोझाने पाहिलं. फिकट हिरव्या ड्रेसातली, किरकोळ अंगाची एक तरुण बाई ट्रॉलीची दांडी घट्ट धरून उभी होती. तोंडावर मास्क, त्यामुळे दिसत होते ते फक्त डोळे... भेदरलेले, पाण्याने डबडबलेले.

"भाईनू, तीच ती!" गंगाराम दारातून ओरडला. "रोझाबायच्या घरातली म्हणान आत गेली, आणि रोझाबाय तर हय उभी आसा!"

झालं! रांगेतली वर्तुळं क्षणात विस्कटली. "गोव्यातसून इलेली असतली!" "रोग घेवन इली!" "पोलिसांक बोलवा आधी, बघतास काय!" कालपर्यंत एकमेकांपासून चार हात लांब राहणारी माणसं आता काचेला नाक लावून उभी राहिली. भाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि रोझाला आत बोलावलं.

"रोझाबाय, तुमी सांगा. ही तुमची कोण? तुमची कोण नाय असली, तर मी आत्ता फोन लावतंय."

रोझा पुढे झाली. तोंडातून शब्द निघणारच होते... 'माझी कोणी नाय! लावा फोन!' एवढं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. त्या बाईने तिच्याकडे पाहिलं मात्र, आणि ट्रॉलीची दांडी तिच्या हातातून सुटली.

"माय...!"

अंगावर वीज पडावी तशी रोझा हादरली! या जगात तिला माय म्हणणारं एकच तोंड होतं, आणि त्या तोंडावर तिने दार लावलं होतं.

"कोण... कोण गो तू?"

"मी सँड्रीना." मास्कच्या आडून शब्द कसाबसा बाहेर आला. "टोनीची..."

रोझाने काउंटरची कडा धरली. कानांत नुसता समुद्र घुमत होता. सहा वर्षं जिला मनातल्या मनात तिने हजार शिव्या दिल्या, जिने तिचा मुलगा तोडला, ती ही? ही एवढीशी, चुरगळलेल्या ओढणीची पोर?

"आणि माझा नाव घेवन फसवतस?" तिचा आवाज चिरकला. "माझो झिल घेतलंस ता पुराक नाय झाला? आता माझा नावय होया तुका?"

"नाय माय, मी खोटा नाय बोल्लंय! शपथ घेवन सांगतंय!" सँड्रीना हुंदके देऊ लागली. "तेंनी इचारल्यानी, खंयच्या घरातली? मी म्हटलंय, रोझाच्या. माझ्या घरातय रोझा आसा, माय... पाच वर्सांची. टोनीन तुमचा नाव ठेवला तिका."

भाईंनी फोनकडे नेलेला हात मागे घेतला.

रोझा... पाच वर्षांची रोझा! आपल्याला नात आहे, ती बोलते, धावते, रुसते, हाक मारली की 'ओ' देते, आणि हाक मारताना टोनीच्या ओठांवर रोज आपलंच नाव येतं! रोझाच्या डोळ्यांसमोर ते चेहरा नसलेलं लेकरू उभं राहिलं आणि ती काउंटरला धरून खाली बसू लागली. गंगारामने धावत जाऊन स्टूल आणलं. लांब राहायचा नियम तोही विसरला.

"खंय... खंय आसा ती?"

"हयच. मासळी बाजाराच्या मागे आमी वर्सभर खोली घेवन रवतव. टोनी म्हणालो, मायच्या जवळ तरी रवया. चेडू रोज इचारता, मोठी रोझा आमच्याकडे कधी येतली?"

"वर्सभर? आणि माका कोणी..."

"तो तीनदा इललो फाटकापर्यंत. आत येवक धीर झालो नाय तेका." सँड्रीनाने ओढणीने डोळे पुसले. "माय, आमी चोरून लगीन नाय केलव. माझ्या पप्पाक इस्पितळात ठेवललो. डॉक्टरांनी हात टेकल्यानी. पप्पा म्हणालो, माझ्या डोळ्यांदेखत चेडवाक कोणाच्या तरी पदरात घालतंय. थयच खाटेकडे पाद्रींक बोलावन लगीन लावला... झगो नाय, केक नाय, फुला नाय. आणि पप्पाक पुरून टोनी तुमका सांगूक इललो, तोपर्यंत बातमी पोचलली."

'माय, एकदा ऐक...' सहा वर्षांपूर्वीची ती दारावरची थाप रोझाच्या काळजावर पुन्हा पडू लागली. हेच सांगायला आला होता तो! एका मरणाऱ्या बापाच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याने हात पुढे केला, आणि तिने... तिने काय केलं! ट्रंकेतलं साटीन तसंच राहिलं आणि पोर बिचारी घरातल्या कपड्यांत नवरी झाली.

तेवढ्यात तिची नजर ट्रॉलीत गेली. दोन साखरा, दोन चहा, दोन तेलं. आणि शिरक्याच्या दोन बाटल्या.

"ह्यो दोन बाटल्यो... कोणाक?"

सँड्रीना खाली बघत म्हणाली, "एक आमका. एक तुमच्या फाटकाक."

"म्हणजे ती पिशवी..."

"टोनी ठेवी. म्हणायचो, शिरको नसलो तर माय जेवची नाय. तो भाजीच्या ट्रकावर आसा ना, गुरवारी हद्दीवरसून परत इलो तसो तेका शाळेत अलग नेवन ठेवल्यानी. ताप नाय, खोकलो नाय, नुसतो चौदा दिवस रवाचा म्हणे. जाताना पोलिसांच्या गाडीतसून ओरडान सांगल्यान, शनवारची पिशवी चुकव नको. पण चेडवाक बघूक शेजारीण आजच गावली, म्हणान उशीर झालो." ती थोडी पुढे झाली, मग नियम आठवून जागीच थांबली. "तेका रोग लागलो असा समजा नको, माय. पोलिसांक सांगलास तर मालकीण आमका खोली खाली करूक लावतली. माझा काय नाय, पण छोटी रोझा खंय जातली?"

इतके दिवस ती देत होती ते आशीर्वाद चर्चमधल्या पोरांना मिळालेच नव्हते. ते जायचे तिथेच गेले होते... आणि तोंडाने मात्र ती म्हणत राहिली होती, माका झिल नाय! रोझाला रडू फुटलं. दुकानात, भाईंसमोर, काचेला चिकटलेल्या त्या सगळ्या नाकांसमोर ती ओक्साबोक्शी रडली. मास्क भिजून गालाला चिकटला.

भाईंनी घसा खाकरला. त्यांचेही डोळे भरले होते, पण दुकान ते दुकान. "रोझाबाय, रांग खोळंबली हा. माका एवढाच सांगा, ही दोन घरा की एक? दोन असली तर हिका बाहेर जावक होया. ती तुमच्या नावार आत इली हा."

रोझा उठली. दाराकडे तोंड करून, बाहेरच्या शेवटच्या वर्तुळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "ही माझ्या घरातली आसा! गंगारामान बरोबर सोडल्यान तिका. घर एकच आसा भाईनू, कोणी इचारल्यार असाच सांगा!"

"घर एक, तर माल पण एकाच घराचो मिळतलो हां," भाई म्हणाले. "दुसरो परत ठेवचो लागतलो."

"ठेवा परत."

भाईंनी ट्रॉलीतली एक साखर काढून बाजूला ठेवली. मग एक चहा. मग एक तेल. एकेक वस्तू कमी होत होती आणि रोझा प्रत्येक वस्तूला मान हलवत होती. शेवटी शिरक्याची दुसरी बाटली निघाली, तेव्हा सँड्रीना न राहवून म्हणाली, "माय, ती तुमची..."

"एकच पुरे. जेवाण एकाच चुलीर शिजतला. चेडवाक आणि सामान घेवन आजच ये, खोलीची चावी त्या मालकिणीक दी. आणि टोनीक..." तिने पदराने डोळे पुसले. "शाळेच्या गेटाकडे मी आत्ताच जातंय. लांबसून तरी बघीन तेका. तेना तोंड फिरवल्यान तरी बघीन."

"तो फिरवचो नाय, माय," सँड्रीना म्हणाली.

आता राहिला होता तांदूळ. तो माणशी मिळायचा, म्हणून भाईंनी पेन कानावरून काढलं आणि रोझाला तोच प्रश्न विचारला, जो गंगाराम दर आठवड्याला दारात विचारायचा.

"घरात माणसां किती?"

"चार," रोझा म्हणाली. "दोन रोझा, एक टोनी, आणि ही माझी सून."

भाईंनी चार माणसांचा तांदूळ भरायला सांगितला.