खळग्यात पाण्याचा टिपूस नव्हता

उमरखेडजवळच्या जुन्या, बंद पाणचक्कीच्या खळग्यात रजत मेलेला सापडला. डोक्याला मार होता, पण जीव गेला होता बुडून. कपडे ओले, आणि खळग्यात पाण्याचा टिपूस नाही!

पोलिसांनी त्याचा जिवलग दोस्त, गॅरेजवाला आसिम, उचलला. त्यानं म्हणे नदीत बुडवून प्रेत इथं आणून टाकलं. आसिमची आई सुग्राबी खासगी गुप्तहेर देवीलाल राठोडकडे आली, तेव्हा रडून रडून तिचा घसा बसला होता.

"माह्या पोराले फासावर चढवतीन ते," एवढंच ती म्हणत राहिली.

देवीलाल आणि त्याचा सोबती शाम चक्कीकडे निघाले. वाट रजतच्या काकांच्या, बापूजींच्या उसातून जात होती. शाम पक्का शहरी गडी. पाटातून उसात पाणी सोडायच्या बुजवलेल्या तोंडावर पाय देऊन बसला आणि बूट चिखलात रुतवला. बुटाबरोबर मातीखालचं गोणपाटही वर आलं. देवीलालनं पुढची तोंडं पाहिली. सगळीकडे खाली गोणपाट, वर माती. शेजाऱ्यांच्या शेतात मात्र नुसती माती होती.

चक्कीला कुलूप, म्हणून दोघं बाहेरूनच फिरले. गंजलेल्या चाकाखाली पुरुषभर खोल खळगा, आणि त्याच्या तळाशी ओढ्याकडे जाणारी अर्धी तुंबलेली मोरी. खळग्याच्या भिंतीवर छातीच्या उंचीला गाळाची ताजी रेघ होती. वर पाटाचं तोंड नुकतंच बुजवलेलं दिसत होतं. देवीलालनं काठीनं माती उकरली, तर गोणपाट लागलं.

"उंदरांनी ओढून आणलं असेल," शाम म्हणाला. हा माणूस जेवायला मात्र वेळेवर हजर असतो.

कोठडीत आसिमनं सांगितलं, की रजतला चक्की पुन्हा फिरवायची होती. त्या दिवशी दोघांनी चाकाची मापं घेतली आणि पाच वाजता आसिम एकटाच गॅरेजवर परतला. चक्की फिरली असती तर पाटाचं पाणी तिकडे वळलं असतं आणि बापूजींचा ऊस वाळला असता. बापूजी म्हणाले, महिनाभरात आपण तिकडे फिरकलोच नाही.

संध्याकाळी रजतच्या आईच्या, वच्छलाबाईंच्या अंगणात देवीलालनं सगळ्यांना बसवलं. फौजदारही आले होते.

"रजत नदीवर गेलाच नाही," तो म्हणाला. "पाणीच खळग्यात आलं, गाळाची रेघ तेच सांगते. मारणाऱ्यानं पाट खळग्यात सोडला, पोरगा घसरून बुडाला असं वाटावं म्हणून. पाणी चालू ठेवलं असतं तर तसंच वाटलं असतं. पण जन्मभर शेताचं ओलीत केलेला माणूस पाणी वाया सोडून घरी जात नाही. निघताना हातानं आपसूक तोंड बुजवलं आणि रातभरात खळगा मोरीवाटे रिकामा झाला. आसिमच्या हाताला पान्याची सवय, फावड्याची नाही. आणि गोणपाट घालून तोंड बुजवणारे इथं एकटे तुम्हीच, बापूजी."

बापूजी फौजदारांकडे वळले. "फावडं एकच मारलं," ते म्हणाले. "मले वाटलं, मेला. म्हून पाणी सोडलं."

"म्हंजे पाणी आलं तवा माहं लेकरू जित्तं होतं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

देवीलालला खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो, बाई," तो म्हणाला.

वच्छलाबाई उठून सुग्राबीपाशी गेल्या. "आसिमचं नाव मीच घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या पोराले घरी ने."

सुग्राबी मात्र लगेच निघाली नाही. बापूजींना घेऊन जीप गेली तरी ती वच्छलाबाईंचा हात धरून तिथंच बसून राहिली.