चढाकडे चाललेलं कॅडमियम

गावातल्या बांधांवर आता जागोजागी पांढरे खुंट दिसत. प्रत्येक खुंटाखाली केसाएवढ्या बारीक तारांचं जाळं खोल उतरलेलं. मातीत काय कुठून कुठे चाललंय ते या तारा टिपत आणि पडद्यावरच्या नकाशात रंग सरकत. लोक त्यांना मुळ्या म्हणत. त्या सांभाळायचं काम पद्मजा मगदूमकडे होतं आणि तिला त्याचा वीट आला होता. जमिनीखालून चांगली बातमी म्हणून कधी येतच नसे.

नायट्रेट पाण्याबरोबर पळतं. फॉस्फरस असेल तिथेच ठाण मांडतो. खतातून आलेलं कॅडमियम चिकणमाती धरून ठेवते. जमीन क्षारपड झाली की तेही सुटतं, पण जातं पाण्यामागे, उताराने. इथे मात्र ते चढावर, इंदूकाकू चौगुल्यांच्या विहिरीभोवती जमत होतं. मुळ्या बिघडल्या असतील म्हणून पद्मजाने त्या बदलून पाहिल्या. रंग हटेना. शेवटी पाय ओढत ती स्वतःच गेली.

इंदूकाकू विहिरीच्या काठावर वाकून सजीव गाळणीची वाटी हलक्या हाताने पाण्यात उतरवत होत्या. शेजारी तशाच आणखी बऱ्याच वाट्या मांडलेल्या होत्या. या वाटीत मुद्दाम वाढवलेले सूक्ष्मजीव असत. ते पिण्याच्या पाण्यातलं कॅडमियम स्वतःच्या अंगात साठवत. वाटी भरली की ती पद्मजाच्या केंद्रात द्यायची, हे घरोघर सांगूनही झालं होतं.

"काकू, हे काय करताय?"

"जिवाणी सोडतोय की. पाणी गाळलं की वर राहिलेले जीव परत पाण्यात सोडायचे, तुला का ठावं न्हाई?"

पद्मजाला ठाऊक होतं. तिच्या आईने जन्मभर गाळण्याचं फडकं असंच विहिरीत धुतलं होतं.

"ह्या सगळ्या वाट्या तुमच्याच?"

"बोळातल्या बायकांच्या. खालच्या विहिरीचं पाणी नळानं येतंय, पण तिला जाळी मारलीया, जीव परत सोडता येत न्हाईत. मग हितं आणून देतात."

पद्मजा काठावरच बसली. खालचं विष वाट्यांत बसून चढ चढत होतं.

"काकू, हे जीव विहिरीत मरतात. मेले की सगळं विष पाण्यात, तिथून मातीत. विहीर बंद करावी लागेल."

काकूंनी नेम घेतला होता: स्वतः शेंदलेलं, स्वतः गाळलेलंच पाणी प्यायचं. गावात शेंदता येईल अशी ही एकच विहीर उरली होती. ती बंद करायचं सांगताना पद्मजाला फार वाईट वाटलं.

काकूंनी वाटीकडे बोट केलं. "केंद्रात काय करता ह्यांचं?"

"जाळतो."

"आनि राख?"

"लांब माळावर पुरतो."

"तिथं मुळ्या हाईत तुझ्या?"

"नाहीत." नकाशा गावाच्या शिवेवर संपत होता. त्यापलीकडे बघायला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

काकूंनी वाटी विहिरीतून वर घेतली आणि पद्मजाच्या हातात दिली. काठावरचा, गाळलेल्या पाण्याने भरलेला तांब्या त्यांनी तोंड न लावता बाजूला ठेवला.

"ऱ्हाऊ दे. आज उपास धरतोय. उद्यापर्यंत एवढंच बघून सांग बाळ, जिथं खाली कुणाचंच पाणी न्हाई अशी माती कुठं हाय?"